कमांडचं कूळ आणि मूळ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. कुपवाड एमआयडीसीतला कारखाना, सांगली मार्केट यार्डातलं ऑफिस आणि तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज मिळून तुमच्याकडे १२० विंडोज मशीन आणि ४ लिनक्स सर्व्हर आहेत. सांभाळणारे दोघंच. ऑडिटरनं लिहून दिलं की प्रिव्हिलेज एस्कलेशनचे (साध्या खात्यावरून ॲडमिनची ताकद मिळवायचे) प्रयत्न ओळखायची काहीच व्यवस्था नाही. म्हणून तुम्ही सगळीकडे कमांड लाइनची नोंद सुरू केली, चाळीसेक संशयास्पद कमांडची यादी मिळवून त्यावर अलर्ट लावले आणि पहिल्याच आठवड्यात सहाशेच्या वर अलर्ट आले. बरेचसे तुमच्याच रोजच्या कामातून आलेले. आता तुम्ही दोन गोष्टी विचारताय: हे सगळं बंद करावं का, आणि तासगावच्या तीन मशीनवर रोज दुपारी दीड वाजता एक सॉफ्टवेअर ‘सिस्टिम’ या विंडोजच्या सगळ्यात ताकदवान खात्याच्या नावानं टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) तयार करतंय, तो हल्ला आहे का.

बंद करू नका. तासगावचं शेवटी सांगतो, कारण ते उत्तर समजायला मधलं सगळं लागेल.

मी सोळा वर्षं सांगली-मिरज भागातल्या पतसंस्था, दवाखाने आणि कारखान्यांची नेटवर्क सांभाळतोय. तुमची खरी अडचण मला अशी दिसते: तुमच्या १२० मशीनवर रोज रीतसर कोण कोण ॲडमिनची ताकद वापरतं, हे तुम्हाला अजून माहीत नाही. ते माहीत नसलं की बेकायदा वापर वेगळा उठून दिसत नाही. कमांडची यादी कितीही चांगली असली तरी ही उणीव ती भरून काढू शकत नाही, कारण त्या यादीतली जवळपास प्रत्येक कमांड तुम्हीही वापरता आणि चोरही वापरतो.

‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ असं आपण म्हणतो. प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत नेमकं उलट करायचं. कमांड कुठली हे नंतर, ती कुणाच्या पोटी जन्मली हे आधी.

एक प्रसंग सांगतो. एका संस्थेत (नाव घेत नाही) लॉगिन स्क्रिप्टमध्ये ‘हूॲमआय’ ही ‘मी कुठल्या खात्यावर आहे’ असं विचारणारी कमांड होती. ऐंशी मशीनवर रोज सकाळी दहाच्या सुमारास ती चालायची आणि अलर्टचा ढीग पडायचा. वैतागून तिथल्या माणसानं हूॲमआयचा अलर्टच काढून टाकला. माझ्या हातात काम आलं तेव्हा मी तो परत लावला, पण वेगळ्या रीतीनं: पॅरेंट प्रोसेस (ती कमांड सुरू करणारी प्रोसेस) लॉगिन स्क्रिप्टची असेल तर सोडून दे, वेब सर्व्हरची किंवा डेटाबेसची असेल तर लगेच सांग. तीन महिने काहीच आलं नाही. मग एका संध्याकाळी साडेसातला एकच ओळ आली. आयआयएस वेब सर्व्हरच्या ‘डब्ल्यू३डब्ल्यूपी’ प्रोसेसनं ‘सीएमडी’ (कमांड प्रॉम्प्ट) सुरू केली होती आणि त्यात ‘हूॲमआय /प्रिव्ह’ चालली होती.

हे इतकं गंभीर का, ते सांगतो. वेब सर्व्हरचं काम पानं देण्याचं. त्यानं कमांड प्रॉम्प्ट उघडायचं साधारण कारणच नाही. आणि ‘/प्रिव्ह’ लावून विचारणारा माणूस आपल्याला कुठले विशेष अधिकार आहेत ते तपासत असतो. आयआयएसच्या आणि एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिस खात्यांना ‘सेइम्पर्सोनेट’ हा दुसऱ्या खात्याच्या नावानं वावरायचा अधिकार मुळातच दिलेला असतो. तो हातात असला की ‘पोटॅटो’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या हत्यारांपैकी एखादं वापरून थेट सिस्टिमपर्यंत पोचता येतं. तसंच झालं. अकरा मिनिटांनी ‘सी:\यूझर्स\पब्लिक’ मधल्या एका फाइलीतून सिस्टिम दर्जाची प्रोसेस जन्माला आली. तोवर मी फोनवरून त्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढायला सांगितली होती. मशीन मात्र बंद करू दिलं नाही, कारण मेमरीतला पुरावा गेला असता. मूळ निघालं एका जुन्या वेब ॲपच्या फाइल अपलोडच्या पानात: फोटोऐवजी कुणीतरी चालणारी स्क्रिप्ट चढवली होती.

तीच कमांड सकाळी ऐंशी वेळा निरुपद्रवी होती आणि संध्याकाळी एकदा जीवघेणी. फरक फक्त कुळाचा.

आता नोंदच नीट होतेय का ते बघा, कारण इथे बरेच जण अर्ध्यावर थांबतात. विंडोजमध्ये नवी प्रोसेस सुरू झाली की सिक्युरिटी लॉगमध्ये ४६८८ क्रमांकाची नोंद पडते, पण त्यासाठी प्रोसेस क्रिएशनचं ऑडिट चालू असावं लागतं, आणि पूर्ण कमांड लाइन हवी असेल तर आणखी एक वेगळी पॉलिसी चालू करावी लागते. या दोन्हींपैकी एकच चालू असलेली किती तरी ठिकाणं मी पाहिली आहेत. शिवाय साध्या विंडोज मशीनवर सिक्युरिटी लॉगचा आकार मुळात २० एमबी असतो. प्रोसेसच्या नोंदी सुरू केल्या की गडबडीच्या मशीनवर तो झपाट्यानं भरतो आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. तेव्हा आकार वाढवा आणि नोंदी मशीनवर न ठेवता एका मध्यवर्ती सर्व्हरवर गोळा करा. विंडोजचं स्वतःचं इव्हेंट फॉरवर्डिंग त्यासाठी पुरतं, वेगळा खर्च नाही. हल्लेखोर सिस्टिम झाला की स्थानिक लॉग पुसणं त्याच्या हातचा मळ असतो, म्हणूनही नोंद बाहेर जाणं महत्त्वाचं.

शक्य असेल तर सिसमॉन बसवा. मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे. त्याच्या १ क्रमांकाच्या नोंदीत पॅरेंटची पूर्ण कमांड लाइन, फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला तिचा ठसा), इंटिग्रिटी लेव्हल (प्रोसेसचा दर्जा: मीडियम, हाय, सिस्टिम) आणि फाइलचं मूळ नाव मिळतं. मूळ नावाचं मोल मोठं आहे. कुणी पॉवरशेलच्या फाइलीची प्रत काढून तिला ‘बिल.ईएक्सई’ नाव दिलं तरी ओरिजिनल फाइलनेमच्या रकान्यात पॉवरशेलच दिसतं. आणि पॉवरशेलसाठी ४१०४ क्रमांकाची स्क्रिप्ट ब्लॉकची नोंद वेगळी चालू करा, कारण कमांड लाइनमध्ये बऱ्याचदा दिसतो तो नुसता बेस६४चा (सांकेतिक अक्षरांचा) गठ्ठा, आतला मजकूर ४१०४ मध्ये उलगडलेला सापडतो.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. कमांड लाइन नोंदवायला लागलात की पासवर्डही नोंदवले जातात. बॅकअपच्या बॅच फाइलीत ‘नेट यूज’ बरोबर पासवर्ड लिहिलेला असतो, डेटाबेसच्या डंपमध्ये असतो. एका ठिकाणी मला पहिल्याच दिवशी डोमेन ॲडमिनचा (सगळ्या मशीनवर हक्क असलेल्या खात्याचा) पासवर्ड लॉगमध्ये रोज रात्री अकरा वाजता उमटताना दिसला. तेव्हा हे लॉग वाचायचे हक्क तुम्हा दोघांपुरतेच ठेवा आणि असा पासवर्ड दिसला की तो लगेच बदला. तुम्हाला दिसला तसा तो उद्या दुसऱ्यालाही दिसेल.

अलर्ट कसे लावायचे याचा विचार मी तीन टप्प्यांत करतो: चाचपणी, उडी आणि बस्तान. चाचपणीत माणूस विचारत फिरतो. मी कोण, ॲडमिन ग्रुपमध्ये कोण आहे, कुठल्या सर्व्हिसच्या पाथला अवतरण चिन्हं नाहीत (तिथे भलतीच फाइल चालवून घेता येऊ शकते), कुठे पासवर्ड साठवलेत. यातली एकेक कमांड सुटी घेतली तर तुमच्या सहाशे अलर्टसारखाच ढीग होतो. म्हणून मी तिला अलर्ट देत नाही, गुण देतो.

आपण सांगलीकर पावसाळ्यात काय करतो ते आठवा. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ऑगस्टमध्ये कुणी नुसता आकडा विचारत नाही. तासाला किती चढतंय आणि कोयनेतून किती सोडलंय, हे लगेच पाठोपाठ विचारतो. ४१ फुटांवर असून उतरणाऱ्या पाण्यापेक्षा ३८ फुटांवर चढणारं पाणी जास्त काळजीचं. चाचपणीच्या कमांडचं तसंच. एकाच युजरकडून दहा मिनिटांत तीन-चार वेगवेगळ्या चाचपणीच्या कमांड आल्या, तो युजर आयटीतला नाही आणि पॅरेंट वर्ड किंवा एक्सेल आहे, तर माझ्या लेखी ते पाणी चढतंय.

उडीचा टप्पा सगळ्यात फसवा. इथे प्रामाणिकपणे सांगतो की कमांड लाइनला अर्धंच दिसतं. कर्नलमधल्या (विंडोजच्या गाभ्यातल्या) दोषाचा फायदा घेऊन कुणी सिस्टिम झालं तर त्यासाठी ‘मला सिस्टिम कर’ अशी वेगळी कमांड नसते. दिसतो तो परिणाम: साध्या युजरच्या मीडियम दर्जाच्या प्रोसेसच्या पोटी सिस्टिम दर्जाचं मूल. म्हणून शब्दांपेक्षा हा दर्जातला उंबरठा ओलांडणं पकडायचं. साध्या युजरच्या फोल्डरमधली, टेम्पमधली किंवा पब्लिकमधली फाइल सिस्टिम दर्जानं चालली, हा माझ्याकडचा सगळ्यात भरवशाचा अलर्ट आहे. आणि सिस्टिम खात्यानं हूॲमआय चालवली, हा दुसरा. विंडोजच्या नेहमीच्या कारभारात सिस्टिमला स्वतःचं नाव विचारायची वेळ येत नाही. उडी यशस्वी झाली का हे बघणारा माणूसच ते विचारतो.

यूएसी (ॲडमिनच्या कामाआधी परवानगी विचारणारी विंडोजची खिडकी) चकवण्याच्या युक्त्या मात्र कमांड लाइनमध्ये छान दिसतात. ‘फॉडहेल्पर’ हा विंडोज १० मधला छोटा प्रोग्रॅम युजरला न विचारता हाय (म्हणजे ॲडमिनच्या) दर्जानं चालतो आणि चालताना युजरच्याच रजिस्ट्रीत ‘एमएस-सेटिंग्ज’ खाली काय उघडायचं लिहिलंय ते बघतो. हल्लेखोर आधी तिथे स्वतःची कमांड लिहितो, मग फॉडहेल्पर चालवतो. रजिस्ट्रीतल्या त्या नोंदीवर ‘रेग ॲड’ दिसणं किंवा फॉडहेल्परच्या पोटी सीएमडी किंवा पॉवरशेल दिसणं याला ऑफिसात कुठलंही रास्त कारण नाही. पण ही युक्ती चालते ती युजर आधीच लोकल ॲडमिन ग्रुपमध्ये असेल तरच. तुमच्या पत्रात ‘जवळपास सगळे लोकल ॲडमिन आहेत, नाहीतर प्रिंटरचे फोन येतात’ असं वाक्य आहे. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मीही ते प्रिंटरचे फोन घेतलेत आणि त्या सवयीची किंमतही पाहिलीय. सगळे आधीच ॲडमिन असतील तर एस्कलेशन ओळखायचं म्हणजे उघड्या दारातून आत आलेल्याची कडी तपासण्यासारखं आहे. निदान मार्केट यार्डातल्या बिलिंगच्या मशीनपासून सुरुवात करा. युजरला साधा करा आणि लोकल ॲडमिनचा पासवर्ड प्रत्येक मशीनला वेगळा ठेवा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून हेच काम करणारं लॅप्स विंडोजमध्येच आलंय, वेगळं काही बसवावं लागत नाही. हे केल्यावर अलर्ट कमी होतात आणि जे उरतात त्यांना अर्थ येतो.

बस्तानाचा टप्पा म्हणजे मिळालेली ताकद टिकवणं. ‘एससी क्रिएट’ किंवा ‘एससी कॉन्फिग’ वापरून सर्व्हिसच्या बिनपाथमध्ये (ती कुठली फाइल चालवते त्या नोंदीत) सीएमडी घालणं, ‘एसकेटास्क्स’ला ‘/आरयू सिस्टिम’ लावणं (सिस्टिमच्या नावानं टास्क), ‘नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स’ला ‘/ॲड’ लावणं, ‘रेग सेव्ह’नं सॅमची (स्थानिक खात्यांच्या पासवर्डचे हॅश असलेल्या साठ्याची) प्रत काढणं, ‘रनडीएलएल३२’ आणि ‘कॉमएसव्हीसीएस’ वापरून एलसॅसचा (लॉगिनची गुपितं मेमरीत ठेवणाऱ्या प्रोसेसचा) मिनीडंप घेणं. शेवटच्या दोन तर तुमच्यासारख्या कुठल्याच ऑफिसात दिसू नयेत. दिसल्या तर जेवण अर्धं टाकून उठायचं. ‘नेट’ कमांडबद्दल एक बारकावा: ती स्वतः आतून ‘नेट१’ला बोलावते, म्हणून एकाच कामाच्या दोन ओळी दिसतात, घाबरू नका. पण हल्लेखोर अलर्ट चुकवायला थेट नेट१ चालवतो, म्हणून नियमात दोन्ही नावं हवीत.

जिथे कृतीची स्वतंत्र नोंद मिळते तिथे कमांडच्या शब्दांवर विसंबू नका. ॲडमिन ग्रुपमध्ये कुणी घुसलं तर ४७३२ ची नोंद पडते, मग ते नेटनं केलेलं असो, पॉवरशेलनं असो की माउसनं. नवी सर्व्हिस बसली की सिस्टिम लॉगमध्ये ७०४५ पडते. शब्द बदलता येतात: मधे कॅरेटचं चिन्ह घालून, अवतरण चिन्हं तोडून, पॉवरशेलच्या ‘-एन्कोडेडकमांड’चं ‘-एन्क’ किंवा नुसतं ‘-ई’ करून. इतकंच काय, प्रोसेस थांबलेल्या अवस्थेत खोट्या कमांड लाइनसह सुरू करून नंतर आतली खरी कमांड बदलणारेही आहेत. तेव्हा लॉगमधली ओळ ही साक्ष समजा. साक्षीदार एकटा असेल तर दुसरा शोधा.

लिनक्सचं थोडक्यात, कारण चारच सर्व्हर आहेत. ऑडिटडी या लिनक्सच्या नोंद ठेवणाऱ्या साधनात एक्झेकव्हीईची (प्रोग्रॅम सुरू होण्याची) नोंद लावा आणि ‘एयूआयडी’कडे लक्ष ठेवा. माणूस लॉगिन करतो तेव्हा हा क्रमांक ठरतो आणि नंतर सुडो केलं, एसयू केलं (म्हणजे रूटची, लिनक्सच्या मुख्य ॲडमिनची, ताकद घेतली) तरी बदलत नाही. एयूआयडी १००० किंवा त्यावरचा आणि प्रत्यक्ष चालवणारा रूट, अशा ओळी काढा आणि त्यातून तुमचं रोजचं सुडो वजा करा. उरलेलं वाचा. जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेला पीकेएक्झेक या लिनक्स प्रोग्रॅममधला दोष, ज्याला पनकिट म्हणतात, तो २००९ पासून तसाच पडून होता. त्या वेळी कुठल्याच यादीत त्याचं नाव नव्हतं, पण एयूआयडी साध्या युजरचा आणि शेल रूटचं, ही जोडी असा नियम लावलेल्यांना दिसू शकत होती. सुडोअर्स फाइल (सुडोनं कुणी काय चालवायचं याची यादी) मात्र एकदा स्वतः वाचा. कुणाला सुडोनं फक्त ‘व्हीआय’ हा एडिटर चालवायची मुभा दिली असेल तर त्यातून शेल उघडता येतं, म्हणजे सगळंच दिलंय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. सॉफ्टवेअरवाले रिमोटनं येऊन ॲडमिनचं काम करत असतील तर त्यांना ठरावीक खातं आणि ठरावीक वेळ द्या, म्हणजे वजाबाकी सोपी होते. कुपवाडला प्रोग्रॅमर असतील तर त्यांच्या मशीनचे नियम वेगळे ठेवा, नाहीतर तेच सगळा गोंगाट करतील. पैशाची सोय झाली आणि ईडीआर (मशीनवरच्या हालचालींवर नजर ठेवणारं तयार साधन) घेतलं तर वरचं बरंचसं तयार मिळेल, पण ‘हे आपल्याकडे रोजचं आहे का’ हा निर्णय तेव्हाही तुम्हालाच द्यावा लागेल. तोवर लॉग गोळा करून तपासणारं वाझूसारखं फुकट साधन पुरेल. रोज सकाळी वीस मिनिटं, दोघांनी आळीपाळीनं. पहिले दोन आठवडे एकही अलर्ट न लावता फक्त मोजा: कुठली पॅरेंट-मुलाची जोडी किती वेळा, किती मशीनवर. शंभर मशीनवर दिसते ती जोडी तुमच्या घरची, एकाच मशीनवर एकदाच दिसली ती आधी वाचायची.

लॉग किती दिवस ठेवायचे असंही विचारलंत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवस, आणि त्यात सांगितलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. सगळ्या मशीनची घड्याळं एका वेळेला लावणंही त्यातच आहे, आणि ते तुमच्याही फायद्याचं. तीन गावांची घड्याळं तीन वेळा दाखवत असतील तर कुठलं आधी घडलं हेच कळत नाही. नियम लावल्यावर ते चालतात का, हे मालकाची लेखी परवानगी घेऊन एका वेगळ्या मशीनवर ॲटॉमिक रेड टीमच्या (हल्ल्याच्या कृतींची नक्कल करणाऱ्या) चाचण्या चालवून बघा. न तपासलेला नियम ऑडिटरला दाखवू नका.

आता तासगाव. तुम्ही पाठवलेल्या ओळीत पॅरेंट आहे कोल्ड स्टोरेजच्या तापमान नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा अपडेटर, तो स्वतः सर्व्हिस म्हणून सिस्टिम खात्यावर चालतो, वेळ रोज दीडचीच आणि तिन्ही मशीनवर हीच जोडी. म्हणजे आधी सिस्टिम, नंतरही सिस्टिम. उंबरठा कुणी ओलांडलेला नाही. मला हा आजचा हल्ला वाटत नाही. पण तो अपडेटर ‘सी:\प्रोग्रॅमडेटा’ खालच्या एका फोल्डरमध्ये बसलाय, आणि मला काळजी त्याची वाटते. त्या फोल्डरवर ‘आयकॅक्ल्स’ ही हक्क दाखवणारी कमांड चालवून बघा. ‘यूझर्स’ किंवा ‘एव्हरीवन’ समोर एम, डब्ल्यू किंवा एफ (बदलायचा, लिहायचा किंवा पूर्ण हक्क) दिसलं, तर कोल्ड स्टोरेजमधला कुठलाही साधा युजर ती फाइल बदलून दुसऱ्या दिवशी दीड वाजता सिस्टिम होऊ शकतो, आणि तुमच्या लॉगमध्ये ती ओळ आज दिसते तशीच दिसेल. हक्क आजच काढा, फाइलचा हॅश लिहून ठेवा, आणि अलर्ट त्या कमांडवर न लावता हॅश बदलण्यावर लावा. आयकॅक्ल्सनं काय दाखवलं ते मात्र मला नक्की कळवा.